अमेरिकन थरारपटांतील किशोरवयीन, पालक व खलनायक : साचेबद्ध प्रतिमांचा इतिहास (१९६०-१९९६)

एखादा समाज कोणाला भितो व कोणाला दोषी धरतो, हे जाणण्यासाठी लोकप्रिय थरारपट हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते. प्रस्तुत निबंधात अमेरिकन थरारपटांतील किशोरवयीन, पालक व खलनायक यांच्या प्रतिमांचा कालक्रमाने विचार केला आहे.

हॉलिवूडची जुनी निर्मितीसंहिता १९६८ मध्ये रद्द होऊन वयोगटानुसार वर्गीकरण सुरू झाले व पडद्यावरील हिंसेवरील बंधने सैल झाली. पुढे जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोविन’ (१९७८) या अल्पखर्ची चित्रपटाच्या यशाने एक साचा रूढ केला : स्वैर वागणारी मुले बळी पडतात, संयमी मुलगी वाचते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ मध्ये या मुलीस ‘अखेरची मुलगी’ ही संज्ञा दिली. या चित्रपटातील पालक बहुतांशी अनुपस्थित असून खलनायक मनोरुग्णालयातून पळालेला आहे. मनोरुग्ण म्हणजे हिंस्र, हा अन्यायकारक समज त्यातून दृढ झाला.

तथापि, अन्य चित्रपटांत दोषाचे मूळ घरातच, विशेषतः आईमध्ये शोधलेले दिसते. ‘सायको’ (१९६०) मध्ये मुलाच्या विकृतीस आईचे वर्चस्व कारणीभूत ठरविले जाते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) मध्ये बुडालेल्या मुलाची आईच खुनी ठरते. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) मध्ये पालकांनी एका बालहत्याऱ्यास जाळून ते कृत्य लपविलेले असते. त्याचे फळ मुले भोगतात. नायिकेचे आईवडील विभक्त आहेत. वडील पोलीस अधिकारी, तर आई मद्यपी. कॅलिफोर्नियात दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा १९७० पासून अमलात आला होता. विभक्त कुटुंबाविषयीची अस्वस्थता येथे जाणवते.

‘स्क्रीम’ (१९९६) मध्ये पात्रेच या प्रकारच्या चित्रपटांचे नियम उघडपणे सांगतात व खुनीही किशोरवयीन निघतात. साचा मोडल्याचा आभास होतो. मात्र विवाहबाह्य संबंधात स्त्री व पुरुष दोघेही सहभागी असताना सूड उगविला जातो तो नायिकेच्या आईवर.

सारांश, या छत्तीस वर्षांत किशोरवयीनांची प्रतिमा पालटली, खलनायकाचा मुखवटाही पालटला. आईवर दोष ठेवण्याची प्रवृत्ती मात्र टिकून राहिली. कुटुंबातील बदलांचा इतिहास या चित्रपटांच्या आधारे मांडताना ही एकांगी दोषवाटणी वास्तव म्हणून न स्वीकारता तपासून घेणे अगत्याचे आहे.