तीन मिलिमीटरचा इतिहास

मंडळी, इतिहासाच्या निवृत्त मास्तराने कॉम्प्युटरवर का लिहावं, असं काहींना वाटेल. पण इतिहास काय फक्त लढायांचा असतो? नट-बोल्टांनाही तो असतोच.

प्रोसेसर तापतो. बहुतेक घरांत त्यावर पंखा असतो. हौशी मंडळी पाणी खेळवतात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा चपटा ठोकळा, आत बारीक पन्हळी, त्यांतून पंप पाणी फिरवतो. हा वॉटर ब्लॉक. कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या काही मोठ्या संगणकांत पाणीच होतं. पुण्याच्या आयसरमधला, २०१९ चा परम ब्रह्म महासंगणकही द्रवानेच थंड राहतो.

तांबं वर्षानुवर्षं टिकतं. अडतं ते ठोकळा आवळायच्या चार भोकांपाशी. इंटेलच्या २००४ च्या ७७५ सॉकेटला दोन भोकांतलं अंतर ७२ मिलिमीटर. २००८ च्या १३६६ ला ८०. २००९ च्या ११५६ ला ७५. आणि हे माप २०२० च्या १२०० पर्यंत टिकलं. २०२१ च्या १७०० सॉकेटला झालं ७८. म्हणजे चांगला ठोकळा अडगळीत जायला तीन मिलिमीटर पुरले! उलट एएमडीने २०१६ च्या एएम४ ची भोकं २०२२ च्या एएम५ लाही तशीच ठेवली.

आमच्या नातवाकडे ७५ च्या मापाचा ठोकळा आहे, बोर्ड मात्र १७०० चा. तो म्हणाला, "आजोबा, कानांची भोकं कानशीने लांबवली की झालं!" मी म्हटलं, थांब, आधी समजून घेऊ. प्रत्येक भोक तिरकं दोनेक मिलिमीटर सरकतं, ते जमेल. पण नवा प्रोसेसर बोर्डापासून सुमारे एक मिलिमीटर खाली बसतो. जुने खांब ठेवले तर स्प्रिंगा पुरेशा दाबल्या जात नाहीत, ठोकळा नुसता टेकतो आणि प्रोसेसर तापतो. शिवाय चिप आता चौकोनी राहिली नाही, ३७.५ बाय ४५ झाली. म्हणून नवी पट्टी आणि आखूड खांब लागतात. पेस्ट लावून, आवळून, पुन्हा काढून ठसा सगळीकडे सारखा उमटलाय का ते बघायचं. मदरबोर्डला ड्रिल कदापि लावायचं नाही. त्याच्या पोटातही तांब्याच्या वाटा असतात. आणि बोर्डाला वीज देण्याआधी, खाली कागद अंथरून, दिवसभर नुसता पंप चालवायचा. थेंब दिसला तर कागदावर दिसू दे.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना १७०० साठी नव्या पट्ट्या फुकट पाठवल्या. पट्टी काही ग्रॅमची. तिच्यामुळे मोठा कूलर वाचतो.

आम्हा तुंगार्लीकरांना यात नवल नाही. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून वीज करतंय. तिथली मूळ यंत्रं कधीच बदलली, तलाव तेच राहिले. टिकाऊ वस्तू धरून ठेवायची आणि सांधा तेवढा बदलायचा, हे शहाणपण शंभर वर्षांपूर्वीचं. टिकाऊ फेकून द्यायची आणि सांध्यापायी सगळंच नवं घ्यायचं, ही रीत अलीकडची. पैसे आपलेच जातात, भंगारही आपल्याच दारात साठतं.

असो. नातवाने पट्टी मागवली आहे, कानस परत पेटीत गेली. तुमच्या घरात एका सांध्यापायी अडगळीत पडलेलं काय काय आहे? जरूर कळवा.