डोरन्स, ॲन्सन

डोरन्स, ॲन्सन : (९ एप्रिल १९५१ – ). अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाचे पहिले प्रशिक्षक. १९७९ ते २०२४ अशी ४५ वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) महिला अजिंक्यपद स्पर्धेत त्यांच्या संघाने २१ विजेतेपदे मिळवली. १९८२ पासून २०२३ पर्यंत झालेल्या ४२ स्पर्धांपैकी ही नेमकी निम्मी होत. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघाचेही तेच प्रशिक्षक होते.

जन्म व शिक्षण : जन्म मुंबईत, एका अमेरिकन कुटुंबात. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्याने बालपण केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम अशा देशांत फिरतीवर गेले. काही शिक्षण स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथील निवासी शाळेत झाले. त्या काळी अमेरिकेत फुटबॉल (तेथील रूढ नाव सॉकर) मागे पडलेला होता. डोरन्स यांना मात्र या खेळाची गोडी परदेशातच लागली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष संघातून ते खेळले आणि १९७४ मध्ये इंग्रजी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झाले. पुढे ते कायद्याचे शिक्षण घेऊ लागले. तेवढ्यात त्यांचे गुरू मार्व्हिन ॲलन निवृत्त झाले आणि १९७७ मध्ये पुरुष संघाची धुरा डोरन्स यांच्याकडे आली. वकिली मागे पडली ती कायमची. पुरुष संघ त्यांनी १९८८ पर्यंत सांभाळला व १९८७ मध्ये त्याला एनसीएएच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले.

महिला संघाची उभारणी : सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये आला. तरीही विद्यार्थिनींचे अधिकृत फुटबॉल संघ फारच थोड्या विद्यापीठांत होते. नॉर्थ कॅरोलायनात विद्यार्थिनींचा एक हौशी संघ होता. त्याला अधिकृत दर्जा द्यावा का, हे पाहण्याचे काम विद्यापीठाचे क्रीडासंचालक बिल कोबी यांनी डोरन्स यांच्यावर सोपवले. त्यांनी अनुकूल मत दिले आणि १९७९ मध्ये संघ स्थापन झाला. सुरुवातीची अनेक वर्षे बिल पॅलाडिनो हे त्यांचे मित्र व सहायक प्रशिक्षक या कामात त्यांच्यासोबत होते. १९८१ मध्ये संघाने तेव्हाच्या महिला महाविद्यालयीन संघटनेची (एआयएडब्ल्यू) राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केली. तिच्या पहिल्या १३ पैकी १२ स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनाने जिंकल्या. १९८६ ते १९९४ ही सलग नऊ विजेतेपदे त्यांतलीच. १९८६ ते १९९० या काळात संघ १०३ सामने अपराजित राहिला. त्यानंतर त्याने सलग ९२ सामने जिंकले.

प्रशिक्षणपद्धती : इतर विद्यापीठांच्या आधी सुरुवात केल्याचा फायदा डोरन्स यांना मिळाला, हे खरे. पण केवळ आधी निघालेला माणूस इतकी वर्षे पुढे राहत नाही. त्यांच्या यशाचे मूळ रोजच्या सरावात होते. नॉर्थ कॅरोलायनाचे ख्यातनाम बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक हालचालीची नोंद ठेवत. ते पाहून डोरन्स यांनी हीच रीत फुटबॉलच्या मैदानावर आणली. एकास एक झुंजी, धावण्याचा वेग, हेडिंग, गोलवर मारलेले फटके, छोट्या संघांचे सामने अशा प्रत्येक प्रकारात कोण जिंकले, कोण हरले याची नोंद मैदानाच्या कडेला उभे असलेले मदतनीस करत. त्यावरून लावलेली क्रमवारी सर्वांना दिसेल अशी जाहीर होई. पहिल्या क्रमांकाची खेळाडू कोण आणि शेवटची कोण, हे कोणापासून लपून राहत नसे. ही पद्धत ‘स्पर्धेची कढई’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते.

मैत्रिणीला हरवायला निघालेल्या मुलीला त्या काळी समाज सहज नावे ठेवी. सरावात जीव तोडून झुंजायचे आणि मैदानाबाहेर मैत्री टिकवायची, ही सवय डोरन्स यांनी आपल्या खेळाडूंना लावली. चुरस मुलींनाही शोभते, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला जाणे ही त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी होय. मुले आणि मुली अशा दोन्ही संघांना दहा वर्षे एकाच वेळी शिकवल्याने आपली शैली बदलल्याचे ते सांगत. मुलींच्या संघात अधिकाराचा धाक चालत नाही, नाते जोडावे लागते आणि शब्दांपेक्षा सूर आधी पोहोचतो, असा त्यांचा अनुभव होता. संघाची मूल्ये एकेका साहित्यिक उताऱ्याशी जोडून ते उतारे खेळाडूंकडून ते पाठ करून घेत. त्यांत जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचाही उतारा असे.

मैदानावर त्यांची पसंती तीन बचावपटू, चार मध्यरक्षक आणि तीन आघाडीपटू या रचनेला होती. चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानातच त्याच्यावर तुटून पडायचे, हे त्यांचे सूत्र होते. महाविद्यालयीन नियमांत बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. या सवलतीचा लाभ घेऊन ते ताज्या दमाच्या खेळाडू एकगठ्ठा उतरवत आणि दबाव कायम ठेवत.

राष्ट्रीय संघ : १९८६ ते १९९४ या काळात ते विद्यापीठाबरोबरच अमेरिकेच्या महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९८७ मध्ये त्यांनी मिया हॅम हिला वयाच्या १५ व्या वर्षी आणि क्रिस्टीन लिली हिला १६ व्या वर्षी राष्ट्रीय संघात घेतले. चीनमध्ये झालेल्या १९९१ च्या विश्वचषकात १२ संघ होते व सामने ८० मिनिटांचे होते. अमेरिकेने सहाही सामने जिंकून २५ गोल केले. मिशेल एकर्स, कॅरिन जेनिंग्ज व कर्णधार एप्रिल हाइनरिक्स या आघाडीच्या त्रयीपुढे प्रतिस्पर्धी बचावफळ्या कोलमडल्या. ३० नोव्हेंबर रोजी ग्वांगजौ येथील अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्ध १–१ अशी बरोबरी असताना ७८ व्या मिनिटाला एकर्सने आपला दुसरा गोल केला आणि चषक अमेरिकेकडे आला. हाइनरिक्स नॉर्थ कॅरोलायनाची माजी खेळाडू होती. हॅम आणि लिलीही त्याच विद्यापीठाच्या.

हॅमविषयीचा एक प्रसंग अमेरिकन क्रीडाविश्वात सर्वश्रुत आहे. एके सकाळी गाडीने कामावर जाताना डोरन्स यांना ती मैदानात एकटीच धावण्याचा सराव करताना दिसली. घामाने निथळत, गुडघ्यांवर हात टेकून ती श्वास घेत होती. ते थांबले नाहीत. कोणी पाहत नसताना स्वतःला असे झिजवणारीच खरी विजेती, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी तिला लिहिली.

खटला : १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स व विद्यापीठ यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याबद्दलच्या थट्टामस्करीत भाग घेतल्याचे डोरन्स यांनी मान्य केले. छळाचा आरोप मात्र नाकारला. पहिल्या खेळाडूशी २००४ मध्ये तडजोड झाली आणि डोरन्स यांनी क्षमा मागितली. दुसरा दावा २००८ मध्ये मिटला. त्यात विद्यापीठाने ३ लाख ८५ हजार डॉलर दिले आणि छळविरोधी धोरणाचा फेरआढावा घेण्याचे मान्य केले. प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातील जवळीक कोठे थांबली पाहिजे, हा प्रश्न या खटल्याने अमेरिकन विद्यापीठांपुढे ठेवला. डोरन्स यांच्या कारकिर्दीचा आढावा तो वगळून पूर्ण होत नाही.

उत्तरकाळ : १९९५ नंतर विजेतेपदे विरळ होत गेली. २०१२ चे विजेतेपद त्यांचे अखेरचे ठरले. २०१८, २०१९ व २०२२ या वर्षी संघ अंतिम सामन्यात हरला. त्यांपैकी २०१९ चा पराभव पेनल्टी शूटआउटमध्ये झाला. तरीही हेदर ओ’रायली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन या अमेरिकन आणि लुसी ब्राँझ, अलेसिया रुसो या इंग्लिश खेळाडू याच विद्यापीठातून घडल्या. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर गौरवदालनात डोरन्स यांचा समावेश झाला. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या क्रीडागारातील मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, ते निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नाहास यांच्या हाताखाली त्याच वर्षी संघाने पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

मूल्यमापन : पहिल्या १३ स्पर्धांतील १२ विजयांचा विक्रम विलक्षण आहे, पण नंतर तो एकछत्री अंमल ओसरला, यातही डोरन्स यांचे यश आहे. नोट्र डेम, सांता क्लारा, स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट अशी विद्यापीठे तुल्यबळ झाली, कारण हा खेळ मनापासून खेळणाऱ्या मुली देशभर तयार झाल्या. त्यांना १९९१ च्या विश्वविजयाने वाट दाखवली, आणि तो संघ डोरन्स यांनी बांधला होता.