हुंडेकऱ्यांचे पुनरागमन : जुन्या पुस्तकांचा नफा आणि वाटेवरचे नाके

जुनी पुस्तके विकत घेणाऱ्या वाचकाला एक सवय हळूहळू जडते. पुस्तक हाती आले की तो आतले कोरे पान उलटतो आणि कोपऱ्यात लिहिलेली किंमत शोधतो. आमच्यापाशी असलेल्या एका कवितासंग्रहावर अशा तीन किमती आहेत : छापील दोन रुपये, शाईने लिहून पुढे खोडलेले आठ आणे, आणि सर्वांत अलीकडे पेन्सिलीने घातलेले साठ रुपये. या तीन आकड्यांच्या मधल्या जागेत कोणी ना कोणी आपले पोट भरले आहे. मराठी ग्रंथव्यवहाराविषयी आपण बोलतो ते लेखक, प्रकाशक आणि ग्रंथालये यांच्याविषयी. पुस्तक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकणाऱ्याच्या वाट्याला फार तर तळटीप येते. वस्तुतः ज्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्याचे पुढचे सगळे आयुष्य याच माणसाच्या हाती असते.

हा माणूस आता पदपथावरून आणि रद्दीच्या दुकानातून आंतरजालावर आला आहे. त्याच्याशी बोलताना एक तक्रार वारंवार कानी पडते : विक्री वाढली, पण हाती उरत नाही. ही तक्रार नवी नाही, असे आमचे म्हणणे आहे. तिच्यामागे एक जुना इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर आज नेमके काय घडते आहे ते अधिक स्पष्ट दिसते.

*

मराठी शब्दकोशांत ‘हुंडेकरी’ हा शब्द सापडतो. काही घराण्यांच्या आडनावातही तो टिकून आहे. मात्र त्याचा अर्थ आज फारसा कोणाला ठाऊक नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात या वर्गाचा उल्लेख येतो. पेशवाईत माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना वाटेत जकात द्यावी लागे, आणि तीही एकदाच नव्हे. सरकारी महाल, जहागिरी, इनामे अशा तुकड्यांत मुलूख विभागलेला असल्याने नाकी पुष्कळ होती आणि प्रत्येक नाक्याचा दर निराळा होता. व्यापाऱ्याला हे दर ठाऊक असणे अशक्य, आणि दर नाक्यावर हुज्जत घालणे तर त्याहून अशक्य. तेव्हा हुंडेकरी पुढे होई. व्यापाऱ्याने त्याला एकच ठोक रक्कम द्यावी. मग वाटेतल्या सर्व जकाती त्याने परस्पर भागवाव्या आणि माल मुक्कामी पोचता करावा. जकातीचे मक्तेदार आणि हुंडेकरी यांच्यात आधीच बोलणे झालेले असे.

ही सोय खरीच मोठी होती. पण तिची एक किंमतही होती. आपण दिलेल्या रकमेतले नाक्यावर किती गेले आणि हुंडेकऱ्याच्या गाठी किती राहिले, हे व्यापाऱ्याला समजायला मार्ग नव्हता. शिवाय जकात पुष्कळदा ओझ्यावर, म्हणजे बैलाच्या गोणीवर घेतली जाई. ओझ्यावर कर असला की उंची वस्त्रांच्या गोणीला तो जाणवत नाही, पण हलक्या धान्याच्या गोणीला तो जड होतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

कंपनी सरकारने हे अंतर्गत नाके टप्प्याटप्प्याने उठवले. बंगालमध्ये १८३६ साली, आणि पुढल्या काही वर्षांत मुंबई व मद्रास इलाख्यांत हे घडले. अर्थात सरकारने उत्पन्नावर पाणी सोडले असे नव्हे. मुंबई इलाख्यात १८४४ साली मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला गेला. सुरतेत दंगा उसळला, तेव्हा तो बारा आण्यांवर आणावा लागला. कर सहसा नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. शहरांच्या वेशीवरची जकात तर पुढे दीड शतकाहून अधिक काळ राहिली. मुंबईत ती उठली १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला त्या दिवशी.

*

पुस्तकांच्या बाबतीत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मोठी सवलत निर्माण झाली, आणि ती दिली टपालखात्याने. १८५४ साली टपालाचा दर अंतरावरून न ठरता वजनावरून ठरू लागला. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशभर कोठेही जाऊ लागले. १८७७ साली व्हॅल्यू पेएबल, म्हणजेच आपल्या परिचयाची ‘व्ही. पी.’ आली. पुस्तक पोस्टमनने घरी आणावे, पैसे त्यानेच घ्यावे आणि विक्रेत्याला पाठवावे. जुन्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवरील जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘व्ही. पी.ने मागवा’ हे शब्द परिचित असतील. पुण्या-मुंबईचा ग्रंथविक्रेता आणि आडगावचा शिक्षक यांच्यात सरकार स्वतःच हुंडेकरी झाले होते; पण या हुंडेकऱ्याचे दर छापील होते, सर्वांना सारखे होते, आणि छापील मजकुराला बुकपोस्टाची सवलत होती. मराठी वाचक गावोगाव घडला त्यात या सवलतीचा वाटा किती, याचा हिशेब साहित्येतिहासाने अद्याप नीट मांडलेला नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे आंतरजालावरच्या बाजारपेठांनी आरंभी पुस्तकेच का निवडली ते कळते. पुस्तक नाशवंत नसते, मापात बसते, आणि नुसत्या नावावरून ओळखता येते. अ‍ॅमेझॉनने १९९५ साली विक्री सुरू केली ती पुस्तकांपासून; फ्लिपकार्टने २००७ साली तेच केले; २०१३ साली अ‍ॅमेझॉन भारतात आले तेव्हाही आरंभ पुस्तके आणि चित्रपटांच्या तबकड्यांनी झाला. त्याआधी, २००४ साली, ‘बाझी’ हे भारतीय लिलावस्थळ ईबेने विकत घेतले होते. जुनी नाणी, तिकिटे, पुस्तके विकणाऱ्या अनेकांनी आंतरजालावरचे पहिले धडे तेथे गिरवले. ते दुकान २०१८ साली बंद झाले.

त्या पहिल्या काळाविषयी विक्रेते आजही हळवेपणाने बोलतात, आणि ते समजण्यासारखे आहे. दहा वर्षे फळीवर पडून असलेल्या एखाद्या बोलीभाषेच्या कोशाला एका रात्रीत इंदूरचा किंवा न्यू जर्सीचा वाचक मिळाला. वाचकाचाही लाभ झालाच. ज्या प्रतीसाठी संशोधकाला चार ग्रंथालये पालथी घालावी लागत, ती घरबसल्या मिळू लागली. हा लाभ नाकारून आम्हांला पुढे जायचे नाही. प्रश्न इतकाच की या वाटेवरचे नाके पुढे किती झाले.

*

हिशेब समजावा म्हणून काही काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले आकडे घेऊ. एक कवितासंग्रह विक्रेत्याने ४० रुपयांना घेतला आणि १२० रुपयांना विकला. टपालखर्च ग्राहकाने दिला असे धरू. संकेतस्थळाचे कमिशन शेकडा दहा, म्हणजे १२ रुपये. दर विक्रीमागे ठरलेले शुल्क २० रुपये. या ३२ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ७६ पैसे. खोका, कागद, चिकटपट्टी यांचे १२ रुपये. हाती उरले ३० रुपये २४ पैसे, किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. आता याच दरांनी ४०० रुपयांना घेतलेला एक दुर्मीळ ग्रंथ १२०० रुपयांना विकू. सर्व खर्च वजा जाता ६२२ रुपये ८० पैसे उरतात, म्हणजे निम्म्याहून अधिक. दोन्ही पुस्तके खरेदीच्या तिप्पट किमतीला विकली गेली, मग फरक पडला कोठे? ठरीव शुल्क आणि खोका यांत. वीस रुपये हा पहिल्या पुस्तकाच्या किमतीचा सहावा हिस्सा आहे, तर दुसऱ्याच्या किमतीचा साठावा. गोणीवरची जकात ती हीच. त्यात ग्राहकाने पुस्तक परत केले आणि परतीचे साठ रुपये विक्रेत्याच्या माथी आले, तर दोन कवितासंग्रहांचा नफा एका फटक्यात गेला.

येथे कराची एक विलक्षण गुंतागुंत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ग्रंथप्रेमी म्हणून आपण त्यावर समाधान मानतो. पण पुस्तक विकून देण्याच्या सेवेवर, म्हणजे कमिशनवर, तो आहे. इतर मालाचा नोंदणीकृत विक्रेता असा भरलेला कर आपल्या देय करातून वजा करतो. पुस्तकविक्रेत्याला विक्रीवर करच द्यायचा नसल्यामुळे वजा करायलाही काही नसते. तो ५ रुपये ७६ पैशांचा भार त्याच्याच खिशातून जातो. पुस्तक करमुक्त आहे, पण पुस्तकाची वाट करमुक्त नाही.

निव्वळ पुस्तके विकणाऱ्याची निदान नोंदणीतून सुटका आहे. पण जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात क्वचितच नुसती पुस्तके येतात. एखाद्या वाड्यातले सामान निघते तेव्हा ग्रंथांबरोबर ध्वनिमुद्रिका, चित्रे आणि पितळी दौतही येते. त्यातली एक ध्वनिमुद्रिका आंतरजालावर मांडली की विक्रेता करपात्र मालाचा व्यापारी होतो. साधारण दुकानदाराला उलाढालीची एक मर्यादा ओलांडेपर्यंत नोंदणी लागत नाही. २०१९ पासून वस्तूंच्या व्यापारासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. आंतरजालावरून विकणाऱ्याला मात्र ती सवलत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती, काही अटींवर, ती मिळाली. परंतु मराठी वाचक राज्याच्या सीमेत मावत नाही. तो बेळगावात आहे, बडोद्यात आहे, इंदुरात आणि पणजीत आहे. त्याला एक ध्वनिमुद्रिका पाठवायची तर नोंदणी आली, विवरणपत्रे आली आणि ती भरून देणाऱ्याची फी आली.

दुसरीकडे राज्यसंस्थेने संकेतस्थळांनाच वसुलीच्या कामी जुंपले. १ ऑक्टोबर २०१८ पासून करपात्र विक्रीवर एक टक्का कर संकेतस्थळाने उगमाशीच कापून घ्यावा असे ठरले. २०२४ साली तो अर्धा टक्का झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून प्राप्तिकरापोटीही एक टक्का कापला जाऊ लागला. २०२४ साली तो ०.१ टक्क्यावर आला, आणि ५ लाख रुपयांपर्यंत विक्री असलेल्या व्यक्तींना, पॅन वा आधार दिल्यास, त्यातून वगळण्यात आले आहे. दर सौम्य झाले हे खरे. तरी रचनेकडे पाहावे. पेशवाईत हुंडेकरी वेगळा होता, जकातीचा मक्तेदार वेगळा होता आणि पेठेचे मानपान सांभाळणारे शेटे-महाजन वेगळे होते. आज ही तिन्ही कामे एकाच दाराशी होतात. शिवाय जुन्या हुंडेकऱ्याला व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक ठाऊक नसे. नव्याला गिऱ्हाईकच ठाऊक असते, आणि विक्रेत्याला मात्र ते पुरते कधीच भेटत नाही.

याविरुद्ध कोणी कधी उभे राहिले नाही असे नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया येथे १९९५ साली स्थापन झालेले अ‍ॅबबुक्स हे जुन्या पुस्तकांचे संकेतस्थळ २००८ साली अ‍ॅमेझॉनने घेतले. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याने काही देशांतील विक्रेत्यांना दार बंद करण्याचे ठरवले, तेव्हा वीसहून अधिक देशांतील शेकडो ग्रंथविक्रेत्यांनी आपली लाखो पुस्तके विक्रीतून काढून घेतली. काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. ज्यांचे दार बंद होणार नव्हते तेही या संपात होते, ही गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही २०२५ साली काही मोठ्या संकेतस्थळांनी स्वस्त मालावरचे कमिशन माफ केले. पण वाहतुकीचे आणि हाताळणीचे ठरीव शुल्क हा निराळा भाग आहे, आणि गोणीवरची जकात त्यातच दडलेली असते.

*

शेवटचा धक्का बसला तो ज्याच्यावर सर्वाधिक भिस्त होती त्याच्याकडून. टपालखात्याने पुस्तकांसाठी असलेली सवलतीची नोंदणीकृत सेवा १८ डिसेंबर २०२४ पासून बंद केली. प्रकाशक आणि विक्रेते यांची ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ही सेवा स्वागतार्हच आहे. पण तिच्या अटींत पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असले पाहिजे, आणि नियतकालिके तिच्यातून वगळली आहेत. नव्या पुस्तकाला या अटी जाचक नाहीत. परंतु जुन्या पुस्तकाचे पहिले पान कैकदा गळालेले असते. आणि मराठी साहित्याचा निम्मा इतिहास तर जुन्या मासिकांच्या सुट्या अंकांत पडून आहे.

या सर्वांचा परिणाम काय होतो? विक्रेता शहाणा असतो. साठ रुपयांचे पुस्तक विकणे परवडत नाही असे दिसले की तो ते आंतरजालावर मांडणेच सोडतो. महाग ते राहते, कारण त्याला शुल्क झेपते. खपाऊ ते राहते, कारण त्याचे गठ्ठे जातात. गळते ते या दोहोंच्या मधले : तालुक्याच्या गावी छापलेला कवितासंग्रह, शाळामास्तराचे आत्मचरित्र, विसरल्या गेलेल्या कादंबरीकाराची दुसरी कादंबरी. ती कोणी जाळत नाही, तिच्यावर बंदीही येत नाही. ती पुन्हा तोलून रद्दीत जाते, आणि तेथून लगद्यात. साहित्याची अभिरुची समीक्षक ठरवतात असे आपण वर्गात शिकवतो. पुढच्या पिढीला कोणती पुस्तके वाचायला हाती लागतील, हे मात्र दर विक्रीमागच्या वीस रुपयांवरही ठरत असते.

आम्हांला येथे कोणाला खलनायक ठरवायचे नाही. हुंडेकऱ्यावाचून माल मुक्कामी पोचत नव्हता, आणि आजही पोचणार नाही. पण ओझ्यावर कर घ्यायचा की मोलावर, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी होता तसाच आज आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी हलक्या गोणीच्या विरुद्ध गेले आहे.

आरंभी सांगितलेला तो कवितासंग्रह आम्ही साठ रुपयांना घेतला तो एका रद्दीच्या दुकानात, समोरासमोर. हे पुस्तक आंतरजालावर का नाही ठेवले, असे आम्ही विचारले. दुकानदाराने पुस्तक हातात तोलून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, ह्याला खोकाच महाग पडतो.”