जोखीम कोणाच्या माथी?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभे राहते ते १६६४ साल, आणि त्यामागोमाग १६७०. शिवाजी महाराजांनी दोनदा लुटलेले एक श्रीमंत बंदर, एवढीच या शहराची ओळख आपल्याला लहानपणापासून असते. ही श्रीमंती आली कोठून, असे विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. ती आली समुद्रावरून. आणि समुद्रावरून आलेली संपत्ती टिकवावयाची, तर समुद्राने ती गिळल्यास काय, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधून ठेवावे लागते. सुरतेच्या आणि एकंदर गुजरात किनाऱ्याच्या सराफांनी ते शोधले होते. आज मी बोलणार आहे ते त्या उत्तराविषयी; आणि त्या उत्तरात ज्याला जागा मिळाली नाही त्या माणसाविषयी, म्हणजे परक्या मुलखात स्वखुशीने सेवा करावयास निघालेल्या माणसाविषयी.

सराफांच्या त्या युक्तीला ‘जोखमी हुंडी’ असे नाव होते. साधी हुंडी आपल्या परिचयाची आहे. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली ती पैसे देण्याची चिठ्ठी. जोखमी हुंडीची चाल मात्र निराळी. समजा, एका व्यापाऱ्याने कापडाचे गठ्ठे गलबतावर चढवून दक्षिणेकडील एखाद्या बंदरी रवाना केले. मालाचे पैसे त्याला माल पोचून विकला जाईपर्यंत मिळावयाचे नाहीत. आणि तेवढे थांबण्याइतकी ऐपत प्रत्येकाची नसे. मग तो माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती सराफाला काही कसर देऊन विकून टाकी. पैसा आजच हाती येई. अट एकच: गलबत सुखरूप पोचले तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे. गलबत बुडाले, तर हुंडी लिहिणाराही देणे लागत नाही आणि जिच्यावर लिहिली ती पेढीही देणे लागत नाही. बुडाले ते सराफाचे. ही कसर म्हणजे एकाच वेळी व्याज, वटाव आणि विम्याचा हप्ता असे. सराफ एका बैठकीत सावकारही झाला आणि विमेकरीही.

असली हुंडी घेणारा मनुष्य डोळे मिटून घेणार नाही, हे उघड आहे. गलबत किती जुने, तांडेल कोण, पावसाळा तोंडावर आला आहे काय, वाटेत चांच्यांचा सुळसुळाट कितपत, हे सारे त्याच्या कसरीत उतरे. पुढे इंग्रजी अंमलात मुंबईच्या उच्च न्यायालयालाही या हुंडीचा अर्थ लावण्याची वेळ आली. आपल्याकडे देशावरही याच जातीची एक सोय होती. ठरलेल्या एकरकमी मोबदल्यात वाटेतील जकाती भरून माल मुक्कामी पोचता करण्याची हमी घेणाऱ्यास ‘हुंडेकरी’ म्हणत. कित्येक घराण्यांचे ते आडनावच होऊन बसले आहे. ‘विमा’ हा शब्दही साहेबाने आणलेला नव्हे. तो फारसीतून आला आणि जुन्या मराठीत स्थिरावला. सांगावयाचे तात्पर्य असे की, संकट येण्यापूर्वीच ते कोणाचे हे लिहून ठेवावे, ही कल्पना आपल्याला परकी नव्हती.

पण ही सारी व्यवस्था गठ्ठ्यांची आणि पेट्यांची. त्याच जहाजावर माणसेही असत, त्यांचे काय?

सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचे द्वार, असे म्हणत. मोगल राज्यातील हज यात्रेकरू येथूनच निघत. मोठी जहाजे तापीच्या गाळातून शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती मुखाबाहेर सुवाळीच्या धक्क्याशी नांगर टाकीत. १६९५ सालच्या सप्टेंबरात औरंगजेबाच्या मालकीचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज यात्रेकरू घेऊन परत येत असता हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्याने ते मुंबई-सुरतेच्या समुद्रात गाठले. खाफीखान लिहितो की, मोखा आणि जेद्दा येथील विक्रीचे ५२ लक्ष रुपये त्या जहाजावर होते. चांचे कित्येक दिवस लुटीत राहिले. स्त्रियांची विटंबना झाली. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. जहाज सुरतेस लागले आणि शहर खवळून उठले. इंग्रज वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲनस्ले याला त्याच्या माणसांसह बेड्या पडल्या. त्यांना जमावापासून वाचविण्याचाही तो एक मार्ग होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

या प्रकरणाचा शेवट विम्याच्या इतिहासात नोंदविण्याजोगा आहे, जरी विम्याच्या पुस्तकांत तो सहसा सापडत नाही. चांचेगिरी थांबेना, तेव्हा १६९८-९९ च्या सुमारास मोगल दरबाराने इंग्रज, डच आणि फ्रेंच अशा तिन्ही कंपन्यांकडून मुचलके लिहून घेतले. समुद्र वाटून देण्यात आला. मक्केच्या वाटेवरील जहाजांचे रक्षण डचांनी करावे, इराणच्या आखाताची वाट फ्रेंचांनी पाहावी, दक्षिणेकडील समुद्र इंग्रजांनी राखावा. आणि नुकसान झाल्यास भरपाई द्यावी. कंपन्यांनी हे मनापासून पाळले असे नाही. टाळाटाळ सहीच्या दिवसापासूनच सुरू झाली. तथापि यात्रेकरूची जोखीम यात्रेकरूच्या माथी न ठेवता ती कोणा बलवत्तर पक्षाकडून लिहून घेतली, ही गोष्ट सुरतेत घडली. बादशहाचा दरारा होता तोवर तिला काही अर्थ होता. १७०७ साली तो गेला आणि कागद तेवढा उरला.

माणसाच्या प्रवासाचा विमा, आज आपण ओळखतो त्या स्वरूपात, आला तो आगगाडीबरोबर. विलायतेत १८४८ साली रेल्वे उतारूंसाठी स्वतंत्र विमा कंपनी निघाली आणि तिकिटाच्या खिडकीवरच अपघाताचा विमा मिळू लागला. अमेरिकेत हार्टफर्ड येथे १८६४ साली जेम्स बॅटरसन याने ‘ट्रॅव्हलर्स’ ही कंपनी काढली. आपल्याकडे तर हिंदी माणसाच्या आयुष्याचा विमा उतरवावयाचा झाल्यास युरोपियनापेक्षा जास्त हप्ता आकारण्याची रीत होती. १८७० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने ती मोडली. मनुष्याच्या जिवाची किंमत कंपनीच्या तक्त्यात कातडीच्या रंगावरून ठरत असे, हे फार जुने नव्हे.

आता मी आपल्याला पुन्हा सुरत जिल्ह्यात घेऊन येतो. बारडोलीच्या बाजूस तापीच्या काठी हरिपुरा नावाचे खेडे आहे. १९३८ सालच्या फेब्रुवारीत तेथे ‘विठ्ठलनगर’ वसवून काँग्रेसचे ५१ वे अधिवेशन भरले. ५१ बैलांच्या रथातून अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक निघाली. नंदलाल बोस यांनी रंगविलेली चित्रे मंडपांतून लावली होती. ही शोभा पुष्कळांनी वर्णिली आहे. त्याच मंडपात चीनवरील जपानी आक्रमणाचा निषेध करणारा आणि जपानी मालावर बहिष्कार सुचविणारा ठरावही झाला, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. चीनचा सेनापती चू तेह याने जवाहरलालांना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले होते. जूनच्या अखेरीस सुभाषबाबूंनी जनतेला आवाहन केले. जुलैत ‘चीन दिन’ पाळून २२,००० रुपये जमविण्यात आले. आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे २७ वर्षांचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांनी कोणत्या कागदावर सह्या केल्या, हे येथे गौण आहे. विम्याच्या बाजारात त्या वेळी काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. स्पेनच्या यादवीत विमानांनी शहरे बेचिराख केली, तेव्हा लंडनच्या विमेवाल्यांनी जाणले की, किनाऱ्यावरील गोदामात साठलेला माल एका रात्रीत भस्म होऊ शकतो. १९३७ साली त्यांनी आपापसांत करार केला की, युद्धाच्या जोखमीचा विमा माल पाण्यावर असेपर्यंतच द्यावयाचा. जमिनीवर पाय पडला की तो संपला. माणसांच्या अपघात-विम्यातही युद्ध हा ठरलेला अपवाद होता. यात विमेवाल्यांना लबाड म्हणण्याचे कारण नाही. विमा चालतो तो थोड्यांचे नुकसान पुष्कळांत वाटून. जेथे सर्वांवर एकदम संकट कोसळते तेथे वाटावयाचे कोणात? पण परिणाम असा की, चीनला निघालेला डॉक्टर जेथे पाय ठेवणार होता, नेमक्या त्याच जागी जगातील विमा आपले पाऊल मागे घेत होता.

पुढील हकीकत आपण जाणता. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. डॉ. कोटणीस चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. ते परतले नाहीत. ते आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तरेच्या डोंगराळ आघाडीवर गेले आणि १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्या कॅनेडियन डॉक्टरचे नाव त्या रुग्णालयाला दिले होते, ते नॉर्मन बेथून १९३९ च्या नोव्हेंबरात गेले; शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि रक्तात विष भिनले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी. मागे पत्नी को चिंग-लान आणि काही महिन्यांचा मुलगा. दोघांपैकी एकालाही गोळी लागली नव्हती. एकाचे बोट कापले, दुसऱ्याला दुखणे झाले. याला युद्धातील मृत्यू म्हणावयाचे की आजारपण, यावर विम्याचे वकील दिवसचे दिवस वाद घालू शकले असते.

महायुद्धानंतर सरकारांनी व मोठ्या संस्थांनी ही जोखीम थोडीफार आपल्या शिरावर घेतली. अमेरिकेने १९६१ साली ‘पीस कोअर’ काढली, तेव्हा तिच्या स्वयंसेवकांना, दुखापतीची भरपाई देण्यापुरते, सरकारी नोकर समजावे असे कायद्यातच लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली स्वयंसेवक योजना मंजूर केली. तिच्यातील स्वयंसेवकांना आयुष्याचा, आजारपणाचा आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा संस्थेकडून मिळतो. आपल्या सरकारने २००३ साली ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ सुरू केली. परंतु ती परदेशी नोकरीस जाणाऱ्या कामगारांसाठी. जो पगारासाठी जात नाही, तो या वर्गात बसत नाही. २००४ पासून युरोपातील शेंगेन देशांनी व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की, विमापत्र हे व्हिसाच्या अर्जाला जोडावयाचे आणखी एक कागद, असे लोक समजू लागले. स्वस्तात स्वस्त असेल ते घ्यावयाचे आणि न वाचता जोडावयाचे.

गेल्या वर्षी उधना येथील एका मराठी घरात मी असे एक विमापत्र वाचले. खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेस येऊन स्थायिक झालेली हजारो कुटुंबे तेथे आणि लिंबायतेत आहेत. त्यांपैकीच हे एक. मुलगी परिचारिका. आफ्रिकेतील एका देशात सहा महिने विनावेतन काम करावयास ती निघाली होती. विमापत्र होते साध्या पर्यटकाचे. सामान हरवले तर किती, विमान चुकले तर किती, याचे आकडे ठळक होते. आजाऱ्याला विमानाने दुसऱ्या देशी हलविण्याचा खर्च होता. मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचाही होता. आतल्या पानांवर बारीक टाइपात अपवाद होते. युद्ध व यादवी. सरकारने जाऊ नका असे सांगितलेला प्रदेश. आधीपासूनचे दुखणे. आणि चौथा अपवाद वाचून मी थांबलो: पर्यटनाखेरीज कोणतेही काम, मग ते वेतनी असो की बिनवेतनी.

म्हणजे ज्या कामासाठी ती जाणार होती, त्या कामात सुई बोटात शिरली असती तर कागदाला काही अर्थ नव्हता. मी तिला तसे सांगितले. वडिलांचा चेहरा उतरला. पण मुलगी माझ्यापेक्षा व्यवहारी निघाली. तिने त्याच रात्री तिला बोलावणाऱ्या संस्थेला पत्र लिहिले आणि तीनच गोष्टी विचारल्या: रुग्णालयातील काम तुमच्या सामूहिक विम्यात येते काय, दंगल उसळल्यास मला तेथून हलविण्याची जबाबदारी कोणाची, आणि परत आल्यावर ते दुखणे उमटले तर खर्च कोणी करावयाचा. पहिल्याला होकार आला, विमापत्राच्या प्रतीसह. दुसऱ्याला उत्तर आले की, स्थानिक परिस्थिती पाहून ठरवू. तिसऱ्याचा उल्लेखच नव्हता. तिने पुन्हा लिहिले. महिनाभर पत्रे जात-येत राहिली, आणि परत आल्यानंतरच्या ९० दिवसांची जबाबदारी संस्थेने लेखी मान्य केली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत बदलले नाही.

ती गेली. जाण्यापूर्वी नव्या विमापत्रावर वारसदार म्हणून वडिलांचे नाव घालावयाचे होते. त्यांनी ते स्वतः लिहिले नाही. मला लिहावयास सांगितले.