वाटाण्याएवढी भोकं

जुन्या कॅथलिक चर्चच्या बाजूच्या भिंतीपाशी लाकडी कपाटासारखं काहीतरी उभं असतं. मधल्या खणात फादर बसतात, बाजूच्या खणात पाप सांगायला आलेला माणूस गुडघे टेकतो, आणि दोघांच्या मध्ये जाळी. सिनेमांनी ही चौकट इतकी वापरलीय की येशूच्या काळापासून ती अशीच असावी, असं वाटतं. प्रत्यक्षात हे कपाट जेमतेम साडेचारशे वर्षांचं आहे.

पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत व्हायचं आणि बाप्तिस्म्यानंतर ते आयुष्यात एकदाच मिळायचं. पुन्हा घसरलात तर चर्चकडे दुसरी संधी नव्हती. साहजिकच माणसं हिशेब करू लागली. अनेकजण बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मरणशय्येवर घेतला. सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी थेसलनीका शहरात केलेल्या कत्तलीनंतर, ३९० मध्ये, मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला उघड प्रायश्चित्त घ्यायला लावलं. मिलान हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

ही एकदाचीच क्षमा मोडून काढली ती आयर्लंडच्या मठवासीयांनी. सहाव्या शतकात त्यांनी पापांचे चक्क दरपत्रक लिहून काढले: अमुक चुकीला नुसत्या भाकरी-पाण्यावर इतके दिवस, तमुक चुकीला इतकी वर्षं. दारू पिऊन ओकण्याचासुद्धा दर ठरलेला. आज हसू येतं. पण या किराणा हिशेबात एक मोठी गोष्ट दडलेली होती. पाप खासगीत सांगायचं आणि पुन्हा पडलात तर पुन्हा यायचं. कोलंबानुससारख्या साधूंबरोबर ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर पोचली. सगळ्यांना ती रुचली नाही. ५८९ मध्ये स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मसभेने, लोक जितक्या वेळा पाप करतात तितक्या वेळा क्षमा मागतात, म्हणून संताप नोंदवला. त्या बिशपांचा राग समजतो, पण जिंकले ते आयरिशच.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येकाला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन सक्तीचं केलं. ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला जन्मभर मठात डांबायचं, हेही तिथेच ठरलं. तरीही कपाट नव्हतं. फादर खुर्चीवर बसत, माणूस शेजारी गुडघे टेकी.

अडचण निर्माण केली ती फादरांनी. पाप सांगायला आलेल्या बायकांशी लगट करण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १५६१ मध्ये पोपनी स्पेनमधली असली प्रकरणं इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायालयाकडे सोपवली. त्याच दशकात मिलानला आर्चबिशप म्हणून आला कार्लो बोरोमेओ. अतिशय कडक आणि तपशिलात शिरणारा माणूस. चर्चची बांधणी आणि सामानसुमान यांवर त्याने १५७७ मध्ये सूचनांचं पुस्तकच काढलं. त्यात या कपाटाची मापं आहेत. मधल्या फळीच्या खिडकीला पातळ लोखंडी पत्रा, त्याला वाटाण्याएवढी भोकं, आणि फादरच्या बाजूने वर झिरझिरीत कापड. आवाज जावा, हात जाऊ नये. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने जाळीचा दंडक सगळीकडे नेला.

म्हणजे पाप्याचा चेहरा लपवणं हा मूळ हेतू नव्हताच. हे कपाट घडलं ते ऐकणाऱ्याच्या भीतीने. आडोसा हा वरचा फायदा. पण माणसांनी त्यालाच जवळ केलं. गोव्यात पाप सांगण्यासाठीच्या पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’ या शब्दाचं कोंकणीत ‘कुमसार’ झालं, इतकं ते घरचं होऊन बसलं.

१९७३ च्या नव्या विधीने समोरासमोर बसून बोलण्याची मोकळीक दिली. तेव्हा ही कपाटं अडगळीत जातील, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण १९८३ च्या चर्चच्या कायद्यात जाळी पुन्हा आलीच: ती पक्की बसवलेली असावी, उघड्या जागी असावी, आणि ज्याला हवी त्याला ती बिनदिक्कत वापरता यावी. फादरला आवर घालायला आलेला तो पत्रा आता पलीकडच्या माणसाच्या मर्जीवर उभा आहे.