ट्रकला जागा, हमालाला कुठे?

परळीच्या मोंढ्यात ट्रक कुठे उभा करायचा यावर वाद निघाला की व्यापारी बोलतात, वाहतूक पोलीस बोलतात, नगरपरिषद बोलते. ट्रक रिकामा करणाऱ्या हमालाला कुणी विचारत नाही. का विचारत नाही, हे समजायला इतिहास पाहावा लागतो.

रस्ता कुणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावरच. म्हणून 1927 साली बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं. पुढे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, विहिरी, तलाव यांच्यासोबत रस्तेही आले. रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळाला. त्याच रस्त्यावर पाठीवर ओझं वाहणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा लढून घ्यावा लागला.

हमालाचा मालक कोण? व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. ट्रकवाला म्हणे, माझाही नाही. मालक नाही म्हणून रजा नाही, फंड नाही, अपघात झाला तर भरपाई नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि 1969 साली माथाडी कायदा आला. शासन, मालक आणि कामगार अशा तिघांचं मंडळ बनलं. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, फंड, ग्रॅच्युइटी द्यायची. पुण्यात हमाल पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढावांनीच 1972 साली 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारली. पाणी आणि ओझं, दोन्हींतली विषमता एकच आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

आता नियमांकडे पाहू. व्यापारी इमारतींच्या बांधकाम नियमावलीत माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेचं माप ठरलेलं आहे : किमान 3.75 बाय 7.5 मीटर. हे माप ट्रकचं आहे. हमालाने बसायचं कुठे, पाणी कुठे प्यायचं, लघवीला कुठे जायचं, याचं माप कुठे आहे?

अवजड वाहनांना दिवसा बंदी घातली की तेवढाच माल कमी तासांत उतरवावा लागतो. ट्रक लांब थांबवला की पोतं पाठीवर घेऊन जास्त चालावं लागतं, पण पोत्यामागचा दर तोच राहतो. रस्ता मोकळा होतो, त्याची किंमत हमालाची कंबर मोजते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच एका माणसाच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं क्विंटलचं पोतं पाठीवर चढत राहिलं.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 117 सांगतं की वाहनं थांबवण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात. आमची मागणी याच शब्दाला धरून आहे. परळीत ट्रकची जागा आणि वेळ ठरवताना हमालांचे प्रतिनिधी बैठकीत बसले पाहिजेत. अंतर वाढलं तर दर वाढला पाहिजे. जागेच्या नकाशात सावली, पाणी आणि शौचालय दाखवलं पाहिजे. मोंढ्यातल्या प्रत्येक हमालाची माथाडी मंडळात नोंद झाली पाहिजे.

तरुण कार्यकर्त्यांनो, नगरपरिषदेत अर्ज द्या, नकाशा मागा. नोंद न झालेल्या हमालांची यादी करायला मोंढ्यापासून सुरुवात करा.