प्रायश्चित्त आणि क्षमा : पंडिता रमाबाईंच्या साक्षीसंबंधी

मराठी समीक्षेने ख्रिस्ती आत्मकथनांकडे प्रामुख्याने धर्मांतराच्या कथा म्हणून पाहिले आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' असो वा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', अभ्यासकाचे लक्ष बाप्तिस्म्याच्या क्षणाकडे आणि त्यातून उद्भवलेल्या कौटुंबिक विच्छेदाकडे वेधले जाते. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही वाचनपद्धती अपुरी ठरते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ टेस्टिमनी' या इंग्रजी आत्मकथनात त्या स्वतःच सांगतात की, बाप्तिस्म्याने आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त नव्हे. पापक्षमेचा अनुभव त्या सुमारे आठ वर्षांनंतरचा मानतात.

या आठ वर्षांचा अर्थ लावावयाचा तर 'प्रायश्चित्त' या शब्दापाशी थांबावे लागते. स्मृतिग्रंथांत प्रायश्चित्ताला परिमाण असते : अमुक पातकास अमुक व्रत, अमुक दान. ते करावयाचे पातक्यानेच. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने तीर्थाटन, स्नान, उपोषण, पुराणपठण यांत वर्षानुवर्षे घालविली आणि तरीही १८७४ च्या सुमारास दुष्काळात रमाबाईंचे मातापिता अन्नावाचून गेले. मराठी बायबलने हाच शब्द स्वीकारला; योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तालाच प्रायश्चित्त म्हटले आहे. शब्द तोच, कर्ता मात्र बदलला. अनुवादाने घडविलेली ही उलथापालथ आपल्या भाषाभ्यासाने पुरेशी तपासलेली नाही. प्रायश्चित्त दुसऱ्याने केलेले असेल, तर पातक्याकडे स्वीकाराखेरीज काय उरते? कर्मकांडात वाढलेल्या मनाला नेमके हेच कठीण जाते. १८८३ नंतरच्या रमाबाई भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्रैक्याविषयी तर्कशुद्ध वाद घालतात (हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला). त्यांची बुद्धी धर्म तपासत होती. पुढे विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ उपदेशक होऊन बराच काळ लोटल्यावर, स्वतःच्याच प्रवचनाने पालटलेला! रमाबाईंना त्यात आपली अवस्था दिसली.

क्षमेचे बीज मात्र त्याआधीच पडले होते. वाँटेजच्या भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथील 'पतित' स्त्रियांसाठीचे काम त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वी पाहिले. ही करुणा कोठून येते, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकविण्यात आली. धर्मशास्त्राने जिला दंडच सांगितला, तिच्याशी विहिरीकाठी संवाद करणारा ख्रिस्त त्यांना तेथे भेटला. केडगावच्या मुक्तिसदनात अशा स्त्रियांसाठी त्यांनी पुढे जो विभाग काढला त्याचे नाव 'कृपासदन'. नाव प्रायश्चित्ताचे नाही, हे सूचक होय.

या अनुभवाची सामाजिक किंमतही होती. शारदा सदनात मुलींना प्रार्थनेस येण्याची मोकळीक राहिली, वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी मंडळी सल्लागारपदांवरून दूर झाली. त्यांच्या दृष्टीने तो विश्वासभंग होता. आणि हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. क्षमा खाजगी राहू शकत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. तिची सार्वजनिकता आश्रित मुलींवर कितपत लादली जाते, हा प्रश्न त्यांच्या लेखनात पुरेसा उमटत नाही.

जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात जे संजीवन घडले, त्यात मुलींनी अश्रूंसह, उघडपणे पापे कबूल केली. आधुनिक वाचकाला हे प्रकरण अडचणीचे वाटते, म्हणून चरित्रकार ते भरभर उरकतात. वस्तुतः दुष्काळातून आलेल्या, बहुतांशी निरक्षर मुलींना येथे प्रथमच सर्वांसमक्ष 'मी' म्हणून बोलता आले. त्या बोलण्याची संहिता आपल्यापाशी नाही. आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात वेचली, ती अशाच वाचकांसाठी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये तो अनुवाद संपूर्ण ग्रंथरूपाने बाहेर पडला.